माळ्यावरच्या ध्वनिफिती : ‘डेथ’ या बँडची गोष्ट

१/
सन २००० मध्ये डेट्रॉइटचा एक गिटारवादक फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरण पावला. त्याचे नाव डेव्हिड हॅकनी. संगीताच्या जगाला तो कोण, हे ठाऊक नव्हते. पंक रॉकचे तोवरचे प्रचलित इतिहास त्याच्याविना लिहून पूर्ण झाले होते. नऊ वर्षांनी त्याच्या बँडचा अल्बम बाजारात आला आणि त्या इतिहासांतले एक पान नव्याने लिहावे लागले. त्या अल्बममधली गाणी मात्र १९७५ सालची होती.

२/
ही गोष्ट तीन भावांची आहे, एका नावासाठी मोडलेल्या कराराची आहे आणि माळ्यावर पडून राहिलेल्या काही ध्वनिफितींची आहे. बँडचे नाव ‘डेथ’, म्हणजे मृत्यू. फ्लोरिडात १९८० च्या दशकात याच नावाचा एक प्रसिद्ध मेटल बँड होऊन गेला. त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही. हा डेट्रॉइटचा बँड त्याच्या बराच आधीचा आहे.

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. पंक रॉक म्हणजे वेगवान, खरबरीत आणि अलंकार टाकून दिलेले रॉक संगीत. त्याची रूढ कथा अशी : १९७४ मध्ये न्यू यॉर्कमध्ये ‘रामोन्स’ हा बँड उभा राहिला आणि एप्रिल १९७६ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ‘सेक्स पिस्टल्स’ची पहिली तबकडी निघाली. मग ही लाट जगभर पसरली. या कथेत दोन शहरे आहेत आणि बहुतेक पात्रे गोरी आहेत.

४/
डेट्रॉइट हे तिसरेच शहर. अमेरिकेच्या मोटारउद्योगाची ही राजधानी. १९५० मध्ये येथे सुमारे साडेअठरा लाख लोक राहत होते. दक्षिणेकडील राज्यांतून आलेल्या हजारो कृष्णवर्णीय कुटुंबांना येथील कारखान्यांनी रोजगार दिला. परंतु पुढे कारखाने उपनगरांत आणि इतर राज्यांत जाऊ लागले, गोरी कुटुंबेही शहराबाहेर पडू लागली. १९७० पर्यंत लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास उतरली होती. जे मागे राहिले त्यांच्या वाट्याला बेकारी आणि पोलिसी जाच आला.

५/
२३ जुलै १९६७ च्या पहाटे पोलिसांनी एका विनापरवाना मद्यालयावर छापा घातला आणि साचलेला संताप रस्त्यावर आला. पुढील काही दिवसांत ४३ माणसे मेली, सात हजारांहून अधिक जणांना अटक झाली आणि शहरात सैन्य उतरवावे लागले. जळालेले रस्ते वर्षानुवर्षे तसेच राहिले. हॅकनी बंधू लहानाचे मोठे झाले ते याच शहरात.

६/
या शहराला दोन आवाज होते. पहिला ‘मोटाउन’चा. बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने कृष्णवर्णीय गायकांचे सुबक, घोटून गुळगुळीत केलेले संगीत साऱ्या अमेरिकेच्या घराघरांत पोहोचवले. १९७२ मध्ये ही कंपनी आपला मुक्काम लॉस एंजेलिसला घेऊन गेली. डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतील होतकरू वादकांसाठी हा मोठाच धक्का होता. दाराशी वाहणारी नदी अचानक दुसऱ्या खोऱ्यात वळावी, तसे ते घडले.

७/
दुसरा आवाज कर्कश होता. ऑक्टोबर १९६८ मध्ये ‘एमसी फाइव्ह’ या बँडने डेट्रॉइटच्या ग्रँडी बॉलरूममध्ये आपला पहिला अल्बम प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित केला. जवळच्या अ‍ॅन आर्बरच्या ‘स्टूजेस’चा पहिला अल्बम १९६९ मध्ये आला. विशेष म्हणजे, ‘पंक रॉक’ हा शब्द रुळवण्यातही डेट्रॉइटचा हात आहे. तेथील ‘क्रीम’ मासिकात डेव्ह मार्श यांनी १९७१ मध्ये तो वापरला होता, आणि तोही मिशिगनमधील मेक्सिकन वंशाच्या तरुणांच्या एका बँडसंबंधी लिहिताना.

८/
आता हॅकनींच्या घरात शिरू. फेब्रुवारी १९६४ मध्ये दूरचित्रवाणीवरील एड सलिव्हन यांच्या कार्यक्रमात ‘बीटल्स’ प्रथमच झळकले. वडिलांनी मुलांना मुद्दाम समोर बसवून तो कार्यक्रम दाखवला. कुटुंबात सांगितली जाणारी आठवण अशी की, दुसऱ्याच दिवशी डेव्हिडला गल्लीत कोणीतरी टाकून दिलेली एक गिटार सापडली. तो ती वाजवायला शिकला. पुढे धाकट्या बॉबीने बेस गिटार आणि गायन, तर डॅनिसने ड्रम्स असे वाटून घेतले.

९/
१९७१ मध्ये तिघांचा बँड झाला. त्याचे नाव ‘रॉकफायर फंक एक्सप्रेस’. नावाप्रमाणेच संगीतही फंक, म्हणजे त्यांच्या वस्तीत ज्याची अपेक्षा होती तेच. परंतु डेव्हिडने ‘द हू’ ऐकले, भावांनी अ‍ॅलिस कूपरचा कार्यक्रम पाहिला आणि वारे फिरले. आईने सरावासाठी वेळ नेमून दिली होती : दुपारी तीन ते सहा. त्या तीन तासांत घरातून जो गडगडाट बाहेर पडे, तो शेजाऱ्यांना कोड्यात टाकणारा होता. कृष्णवर्णीय मुलांनी ‘गोऱ्यांचे संगीत’ का वाजवावे, हा प्रश्न त्यांना वारंवार ऐकावा लागे.

१०/
या प्रश्नातच एक ऐतिहासिक विपर्यास दडला आहे. रॉक अँड रोलचा पाया घालणाऱ्यांमध्ये सिस्टर रोझेटा थार्प, चक बेरी, लिटल रिचर्ड हे कृष्णवर्णीय कलावंत अग्रभागी होते. मात्र दोन दशकांत अमेरिकेच्या संगीत-उद्योगाने बाजाराची अशी वाटणी केली की रॉक गोऱ्यांच्या कप्प्यात गेले आणि सोल व फंक कृष्णवर्णीयांच्या. रेडिओ केंद्रे, दुकानांतील फडताळे, कंपन्यांचे विभाग, सारे या कप्प्यांनुसार चाले. हॅकनी बंधू आपल्याच पूर्वजांच्या घरी परतत होते. पण त्या घराच्या दारावरची पाटी मधल्या काळात बदलली होती.

११/
मग एक घाव बसला. वडिलांचा अपघाती मृत्यू झाला. डेव्हिडच्या मनाचा तळ त्या घटनेने ढवळून निघाला. मृत्यू हा अंत नसून एका अवस्थेतून दुसरीत जाणे आहे, असे तो मानू लागला आणि बँडचे नाव ‘डेथ’ असावे असे त्याने भावांना पटवले. या शब्दाला चिकटलेली भीती काढून त्याला उजळ अर्थ द्यायचा, हा त्याचा हेतू. त्याने एक चिन्हही आखले : त्रिकोणाचे तीन बिंदू म्हणजे आत्मा, मन आणि शरीर. चौथा बिंदू त्यांना वाट दाखवणाऱ्या ईश्वराचा.

१२/
हा संदर्भ महत्त्वाचा आहे, कारण पुढे जे घडले ते केवळ तरुण वयातील हट्टाचे फळ मानले जाते. डेव्हिडच्या दृष्टीने नाव ही जाहिरात नव्हती. वडिलांच्या जाण्याला त्याने दिलेले ते उत्तर होते, आणि संगीत, चिन्ह, नाव यांचा मिळून एकच विचार होता. त्यातील एक वीट काढली तर सारी भिंत खाली येईल, अशी त्याची धारणा होती. ती व्यवहार्य होती की नाही, हा वेगळा प्रश्न.

१३/
डेट्रॉइटमधील ‘ग्रूव्हजव्हिल’ या संस्थेने या तिघांना जवळ केले. संस्थेचे प्रमुख डॉन डेव्हिस हे सोल संगीतातील नामांकित निर्माते. १९७५ मध्ये ‘युनायटेड साउंड’ या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. जॉन ली हूकर यांचे ‘बूगी चिलन’ १९४८ मध्ये याच वास्तूत मुद्रित झाले होते. बारा गाण्यांचा अल्बम करण्याचा बेत होता. प्रत्यक्षात सात गाणी पूर्ण झाली.

१४/
ही सात गाणी आज ऐकताना काळाचा हिशेब चुकल्यासारखे वाटते. ‘फ्रीकिन आउट’ तीन मिनिटांच्या आत संपते. गिटारचे घाव सुटसुटीत, ड्रम्स धावते, गाणाऱ्याचा स्वर हाक मारणारा. हे गुण पुढच्या दशकात ‘हार्डकोर पंक’ म्हणून ओळखले गेले. पण सर्वच गाणी त्या साच्यात बसत नाहीत. ‘पॉलिटिशियन्स इन माय आइज’ जवळपास सहा मिनिटांचे आहे आणि त्यात लय अनेकदा पालटते. ‘लेट द वर्ल्ड टर्न’ संथपणे तरंगते आणि मग अकस्मात उसळते. पंकचे नियम अजून कोणी लिहिलेच नव्हते, त्यामुळे ते पाळण्याची सक्ती या भावांवर नव्हती.

१५/
आशयही काळाशी बांधलेला होता. निक्सन यांनी ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा दिला होता आणि व्हिएतनाम युद्ध एप्रिल १९७५ मध्ये संपले. ज्या पिढीचे थोरले भाऊ युद्धावर गेले, तिचा सत्ताधाऱ्यांवरचा विश्वास उडाला होता. सत्तेच्या हव्यासापायी सामान्यांचे बळी देणाऱ्या राजकारण्यांवरील रोष ‘पॉलिटिशियन्स इन माय आइज’मध्ये धगधगतो. न्यू यॉर्क आणि लंडनमध्ये पंकचा डंका वाजण्याआधीच डेट्रॉइटच्या एका कृष्णवर्णीय घरात तो रोष सुरांत उतरला होता.

१६/
आणि येथे कथेचा निर्णायक क्षण येतो. एका बड्या कंपनीने रस दाखवला, करार समोर आला, पण अट एकच : नाव बदला. ‘डेथ’ नावाची तबकडी कोण विकणार, कोणते रेडिओ केंद्र वाजवणार? डेव्हिडने नकार दिला. बॉबी आणि डॅनिस यांनी पुढे प्रामाणिकपणे सांगितले आहे की, त्यांचे मन सही करण्याकडे झुकत होते. पण भावाच्या पाठीशी उभे राहायचे ही घरची शिकवण. ते त्याच्या बाजूने उभे राहिले आणि करार बारगळला.

१७/
इतिहासाच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबायला हवे. ही घटना बहुतेक ठिकाणी ‘कोलंबिया रेकॉर्ड्सचे अध्यक्ष क्लाइव्ह डेव्हिस यांचा प्रस्ताव’ अशी सांगितली जाते. परंतु डेव्हिस यांची कोलंबियातील कारकीर्द १९७३ मध्येच संपली होती, आणि १९७४ च्या अखेरीस त्यांनी ‘अरिस्टा’ ही नवी कंपनी सुरू केली. म्हणजे १९७५ मध्ये ते कोलंबियाचे अध्यक्ष नव्हते. गोष्टीचा गाभा, म्हणजे अट आणि नकार, भावांच्या साक्षीवर उभा आहे. तपशील मात्र पुन्हा पुन्हा सांगताना सरकले आहेत. चांगली गोष्ट जितकी जास्त वेळा सांगितली जाते, तितकी ती तपासून घ्यावी लागते.

१८/
करार गेला, पण ध्वनिफिती भावांच्या हाती राहिल्या. १९७६ मध्ये त्यांनी स्वतःच ‘ट्रायअँगल’ या नावाने एक तबकडी काढली. एका बाजूला ‘पॉलिटिशियन्स इन माय आइज’, दुसऱ्या बाजूला ‘कीप ऑन नॉकिंग’. प्रती फक्त ५००. त्याच वर्षी डॉन डेव्हिस यांनीच निर्मिलेले जॉनी टेलर यांचे ‘डिस्को लेडी’ हे गाणे अमेरिकेत ‘प्लॅटिनम’ प्रमाणपत्र मिळवणारे पहिले सिंगल ठरले. त्या मानाची अट होती वीस लाख प्रतींची. एकाच निर्मात्याच्या छत्राखाली वाढलेल्या दोन संगीतांपैकी काळ कोणाच्या बाजूने होता, हे या दोन आकड्यांतून दिसते.

१९/
अपयशाचे कारण केवळ नावात शोधणे पुरेसे नाही. नाव बदलले असते तरी तीन कृष्णवर्णीय तरुणांचा वेगवान रॉक कोणत्या केंद्राने वाजवला असता? कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या केंद्रांना तो आपला वाटत नव्हता, आणि रॉकची केंद्रे गोऱ्या बँडांनी भरलेली होती. शिवाय डिस्कोचा बहर सुरू झाला होता. नावाने एक दार बंद केले, हे खरे. पण त्यामागची इतर दारे आधीपासूनच अर्धी मिटलेली होती.

२०/
१९७७ मध्ये भाऊ डेट्रॉइट सोडून व्हर्माँट राज्यातील बर्लिंग्टनला गेले. ‘डेथ’ तेथेच थांबला. त्यांनी ‘द फोर्थ मूव्हमेंट’ या नव्या नावाने भक्तिपर रॉक संगीताचे दोन अल्बम काढले. ईश्वराच्या चौथ्या बिंदूचा विचार त्या नावात टिकून होता. १९८२ मध्ये डेव्हिड डेट्रॉइटला परतला. बॉबी आणि डॅनिस मागे राहिले, संसारात रमले आणि त्यांनी ‘लॅम्ब्सब्रेड’ हा रेगे बँड उभारला. मुले मोठी झाली. बापाने कधीकाळी कोणते वादळ वाजवले होते, हे मुलांना ठाऊक नव्हते.

२१/
बॉबीने सांगितलेली एक आठवण या साऱ्या कथेचा कणा आहे. डेव्हिडने मूळ ध्वनिफिती त्याच्या स्वाधीन केल्या आणि त्या जपून ठेवायला बजावले. जग एक दिवस हे संगीत शोधत येईल, असा त्याचा ठाम विश्वास होता. बॉबीने फिती माळ्यावर ठेवल्या. भावाच्या बोलण्यावर त्याचा तितका विश्वास होता असे नव्हे. भावाने दिले म्हणून जपले, इतकेच. सन २००० मध्ये डेव्हिड गेला, तेव्हाही फिती तेथेच होत्या.

२२/
दरम्यान त्या ५०० प्रतींनी आपला स्वतंत्र प्रवास सुरू केला होता. दुर्मीळ तबकड्या जमवणारे रसिक जुन्या बाजारांत आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत हात घालून नावे उपसत असतात. त्यांच्यापैकी काहींच्या हाती ही तबकडी लागली. ना छायाचित्र, ना परिचय, फक्त नाव आणि दोन गाणी. प्रत शेकडो डॉलरना विकली जाऊ लागली. पुढे कोणीतरी गाणी संगणकात उतरवली आणि ती महाजालावर फिरू लागली. बँड कोणाचा, हे न कळताच त्याचे चाहते तयार झाले.

२३/
२००८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात असलेल्या बॉबीच्या एका मुलाच्या कानांवर एका मेजवानीत वाजलेले गाणे पडले. आवाज ओळखीचा होता. तो त्याच्या वडिलांचा होता. वडिलांनी आयुष्यभर न सांगितलेली गोष्ट मुलाला अनोळखी माणसांच्या घोळक्यात समजली. त्याच वर्षी बॉबीच्या मुलांनी ‘रफ फ्रान्सिस’ नावाचा बँड काढला आणि ‘डेथ’ची गाणी रंगमंचावर वाजवायला सुरुवात केली. ‘रफ फ्रान्सिस’ हे त्यांच्या काकाने, म्हणजे डेव्हिडने, अखेरच्या काळात घेतलेले टोपणनाव होते.

२४/
माळ्यावरच्या फिती खाली आल्या. शिकागोच्या ‘ड्रॅग सिटी’ या स्वतंत्र कंपनीने २००९ च्या आरंभी ती सात गाणी प्रसिद्ध केली. अल्बमचे नाव ‘फॉर द होल वर्ल्ड टू सी’, म्हणजे साऱ्या जगाने पाहावे म्हणून. एकूण कालावधी अर्ध्या तासाहून कमी. मार्च २००९ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने विस्तृत लेख छापला आणि डेट्रॉइटच्याच जॅक व्हाइटसारख्या प्रस्थापित संगीतकाराने आपला विस्मय जाहीरपणे व्यक्त केला. बँडचे नाव तेच होते, ‘डेथ’. आता त्यावर कोणाचीही हरकत नव्हती.

२५/
त्याच वर्षी बॉबी आणि डॅनिस पुन्हा ‘डेथ’ म्हणून रंगमंचावर उभे राहिले. डेव्हिडची जागा ‘लॅम्ब्सब्रेड’मधील त्यांचा सहकारी बॉबी डंकन याने घेतली. २०१२ मध्ये मार्क कोविनो आणि जेफ हाउलेट यांचा ‘अ बँड कॉल्ड डेथ’ हा माहितीपट आला. २०१५ मध्ये नव्या गाण्यांचा अल्बमही निघाला. ज्याने हे सारे होईल असे म्हटले होते, तो हे पाहायला उरला नव्हता. माहितीपटातील भावांच्या बोलण्यात आनंदापेक्षा ही सल अधिक जाणवते.

२६/
मग ‘डेथ’ हा जगातला पहिला पंक बँड ठरतो का? अनेक लेखांचे मथळे तसे म्हणतात. पण ‘पहिला’ हा शब्द इतिहासात फार जपून वापरावा लागतो. डेट्रॉइट परिसरातच ‘स्टूजेस’ आणि ‘एमसी फाइव्ह’ आधी होऊन गेले. पेरूची राजधानी लिमा येथील ‘लॉस सायकोस’ या बँडने १९६५ मध्ये ‘डेमोलिसियोन’ हे गाणे काढले, तेही पंकच्या अगदी जवळचे आहे. ‘रामोन्स’ १९७४ पासून न्यू यॉर्कमध्ये वाजवत होते. उगमाचा एकच बिंदू शोधू जाता हाती लागतात ते अनेक झरे.

२७/
आणखी एक अडचण आहे. ५०० प्रतींच्या पलीकडे जे संगीत पोहोचलेच नाही, त्याचा प्रभाव पंकच्या वाढीवर कसा पडणार? तो पडला नाही. ‘रामोन्स’ने किंवा ‘सेक्स पिस्टल्स’ने ‘डेथ’कडून काही घेतलेले नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टनमध्ये उदयाला आलेला ‘बॅड ब्रेन्स’ हा कृष्णवर्णीयांचा गाजलेला पंक बँडही स्वतंत्रपणे घडला. कार्यकारणाच्या साखळीत ‘डेथ’ ही कडी नाही.

२८/
तरीही हा बँड महत्त्वाचा आहे, आणि त्याचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. रूढ कथा सांगते की पंक दोन शहरांतील काही मूठभरांच्या डोक्यातून निघाले. ‘डेथ’च्या फिती सांगतात की त्याच काळात, त्या मूठभरांना न भेटता, दुसऱ्या शहरातील दुसऱ्या वंशाचे तरुण तशाच आवाजापर्यंत पोहोचले होते. म्हणजे तो आवाज काही व्यक्तींचा शोध नव्हता, तो त्या काळाच्या हवेत होता. बंद पडणारे कारखाने, फसलेले युद्ध, खोटे ठरलेले नेते आणि हाताशी असलेली स्वस्त वाद्ये, इतके जेथे एकत्र आले तेथे तो उमटण्याची शक्यता होती. असे आणखी किती आवाज उमटून विरले असतील, हा प्रश्न येथून सुरू होतो.

२९/
तरुण श्रोत्यांना या बँडची ओढ वाटते ती बहुधा डेव्हिडच्या नकारामुळे. पण त्या नकाराला केवळ विजयाचे तोरण बांधणे अन्यायाचे होईल. त्याची किंमत मोठी होती. तिघा भावांच्या ऐन उमेदीतला बँड संपला, आणि ज्याने नकार दिला तो अज्ञात राहूनच गेला. दुसरीकडे हेही खरे की, नाव बदलून करार झाला असता तर ही गाणी कंपनीच्या मर्जीने घडवली गेली असती आणि फितींची मालकीही भावांकडे उरली नसती. त्याच नकाराने त्यांची संधी हिरावली आणि त्यांचे संगीत अस्पर्श ठेवले.

३०/
आणि एक माणूस या कथेत नेहमी मागे राहतो : बॉबी. डेव्हिडकडे दृष्टी होती, पण दृष्टी पुरावा ठरत नाही. पुरावा त्या फिती होत्या. त्या ओलीने खराब झाल्या असत्या, घर बदलताना हरवल्या असत्या किंवा अडगळ म्हणून फेकल्या गेल्या असत्या, तर आज ५०० तबकड्यांपैकी उरलेल्या काही प्रती आणि एक कौटुंबिक दंतकथा एवढेच शिल्लक राहिले असते. ज्याच्या मनात सही करायचे होते, त्यानेच सही न करणाऱ्या भावाची ठेव सांभाळली.

३१/
राजेरजवाड्यांचे दप्तर सांभाळायला कारकून असतात, कंपन्यांच्या ध्वनिफितींसाठी वातानुकूलित तळघरे असतात. बाकीच्यांचा इतिहास माळ्यावर, ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून असतो, आणि तो टिकतो की जातो हे घरातल्या एखाद्या माणसाच्या शब्दपालनावर ठरते. डेट्रॉइटच्या ‘डेथ’चे पान परत मिळाले, कारण भावाचा शब्द राखण्यासाठी एक खोके कोणी फेकून दिले नाही.